व्हायोलिनला शिट्टी समजणारं मशीन

"हे मशीन ठिवून घ्या मॅडम. मला नगं." रंगनाथकाकांनी डबी माझ्या टेबलावर सरकवली.

बीडमध्ये माझं श्रवणयंत्रांचं क्लिनिक आहे. काका वडवणीकडचे, सत्तरीतले शेतकरी. मशीन ट्रायलवर दिलं होतं. सोबत आलेली त्यांची मुलगी मंगल रडकुंडीला आली होती.

"मागून ट्रॅक्टर आलता, दादांना पत्ताच न्हाई. ड्रायव्हरनं ब्रेक मारला म्हणून वाचले. अन् तरी मशीन नगं म्हणत्यात."

"काका, बोलणं ऐकू येत नाही का?"

"बोलणं समदं येतंय. पर मी ऐकतो ते वाजवणं बिगडलं. व्हायोलिन कापरं येतंय, मधीच बुडतंय."

मंगलनं मोबाइलवर ते लावलं. मला भजन असेल असं वाटलं होतं. निघाला दीडेकशे वर्षांपूर्वीचा, युरोपातला व्हायोलिन कॉन्चेर्टो. म्हणजे एकटं व्हायोलिन आणि त्याच्याभोवती अख्खा ऑर्केस्ट्रा.

तरुणपणी काका ऊसतोडीला जायचे. टोळीच्या खोपी कारखान्याच्या केमिस्टसाहेबांच्या बंगल्यालगत असायच्या. संध्याकाळी खिडकीतून हेच ऐकू यायचं. बदली झाली तेव्हा साहेब कॅसेट काकांना देऊन गेले.

"काय आवडलं त्यात?" मी विचारलं.

"एकजण आपलं सांगतंय. बाकीचे गुमान ऐकत्यात. मग समदे मिळून त्याला जबाब देत्यात."

मी कंपनीच्या एरिया मॅनेजरला फोन लावला.

"स्पीच क्लिअर आहे ना? मग केस क्लोज करा."

"सर, पेशंट मशीन परत करतोय."

"समजवा त्यांना. ते मशीन मैफिलीसाठी नाहीये."

बापलेकीला चहाला पाठवलं आणि मी टेस्टिंग रूममध्ये जाऊन बसले. ही खोली साउंडप्रूफ असते, बाहेरची रिक्षासुद्धा आत येत नाही. हेडफोनवर तो कॉन्चेर्टो लावला. पाच मिनिटं ऐकणार होते. मधला संथ भाग सुरू झाला आणि घड्याळ बघायचं राहून गेलं. एकेक सूर इतका लांब, की तो संपेपर्यंत श्वास घ्यावासा वाटेना. माळावर सांज उतरतेय, धुराड्यांचा गोड वास येतोय, खोपीसमोर कुणीतरी कोयता खाली ठेवून उभं आहे, असं दिसत राहिलं. मी ऊसतोडीला कधी गेलेले नाही.

चूकही त्या लांब सुरांतच सापडली. कानातलं मशीन कधीकधी स्वतःचाच आवाज पकडून शिट्टी मारतं. त्याला फीडबॅक म्हणतात. तो दाबण्यासाठी आत एक सोय असते. एकसारखा लांबलेला सूर आला, की मशीन त्यालाच शिट्टी समजतं आणि दाबतं.

मी दुसरा प्रोग्रॅम बनवला. त्यात ती सोय बंद केली आणि शिट्टी वाजू नये म्हणून आवाज थोडा उतरवला. बोलण्यासाठी पहिला प्रोग्रॅम, संगीतासाठी दुसरा. बदलायला बटण.

चहाहून परतल्यावर काकांनी दुसऱ्या प्रोग्रॅमवर डोळे मिटून ऐकलं. मंगल त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. मला एक धाकधूक होती. त्यांच्या कानांची वरच्या पट्टीतले सूर ऐकायची ताकद पार गेली आहे. ती कुठलंच मशीन परत देत नाही.

संपल्यावर मी विचारलं, "अगदी वरचे सूर आले का?"

"न्हाई आले," काका म्हणाले. "पर ते कुठं असत्यात, मला ठावं हाय. तितं मी थांबतो."

मशीन त्यांनी ठेवून घेतलं. आमच्या फॉर्मवर 'काय ऐकू येत नाही?' असा प्रश्न छापलेला आहे. त्याखाली मी आता पेनानं आणखी एक लिहिते: 'काय ऐकायचंय?' बरेच पेशंट ती ओळ रिकामी सोडतात. तेव्हा मी पेन त्यांच्यापुढे धरते आणि थांबते.