पहिली सुई

कोल्हापुरात मोडलेल्या कानाची माणसं पावलोपावली भेटतात. दूध कट्ट्यावर, बँकेच्या रांगेत, रिक्षा चालवताना. मातीत रगडून रगडून कान सुजतो, मग तसाच गोळा होऊन घट्ट राहतो; पैलवानकी सुटली तरी कान काही पहिल्यासारखा होत नाही. असा कान पाठीमागून दिसला की पूर्वी मी मुद्दाम पुढं जाऊन विचारायचो, कुठल्या तालमीचे म्हणून. हल्ली माझी चाल मंदावते. पुढचा माणूस वळेपर्यंत मी चार पावलं मागंच राहतो, आणि वळला की तो कुणीतरी दुसराच असतो. असणारच. ज्याचा चेहरा दिसेल म्हणून मी घाबरतो त्याला जाऊन चार वर्षं झाली.

मी कंपाउंडर होतो. तीसेक वर्षं पेठेतल्या एकाच दवाखान्यात पुड्या बांधल्या, पट्ट्या केल्या, इंजेक्शनं दिली. माझा हात हलका असं सगळी पेठ म्हणायची. डॉक्टरांना बघून भोकाड पसरणारी मुलं माझ्याकडं गुमान यायची. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू.

दुसरा गर्व कुस्तीचा. मी स्वतः कधी लंगोट लावला नाही, आमची छाती बेताचीच. पण मैदान म्हटलं की मी घरचं कार्यही सोडीन अशी माझी ख्याती होती, आणि सख्ख्या मेहुणीचं लग्न मी खरोखर सोडलं होतं. ते अजून ऐकून घेतो. तालमीच्या कट्ट्यावर संध्याकाळी आम्ही वीस-पंचवीस शौकीन जमायचो. कुस्तीतलं आम्हाला सगळं कळायचं, फक्त ती खेळता येत नव्हती.

त्याच तालमीत तो होता. कसबा बावड्याचा, लिंगायत घरातला. वडील लहानपणीच गेलेले, आई म्हशी राखून दूध घालायची. आईचं माहेर पार सीमेकडचं, म्हणून तो तिला अव्वा म्हणायचा. चोवीस वर्षांचा झाला तरी मोठ्यांसमोर मान वर करून बोलत नसे. पण एकदा का समोरच्याला ढाक डावावर घेतला की सुटका नाही. आम्ही कट्ट्यावरचे म्हातारे त्याच्यावर जीव टाकायचो. जीव टाकणं म्हणजे काय, हे मला आता नीट कळलंय. आम्हाला तो जिंकायला हवा होता.

त्या वर्षीच्या मोठ्या मैदानाआधी त्याला चार दिवस ताप होता. मैदानाच्या दिवशी सकाळी तो दवाखान्यात आला, बाकावर बसला आणि म्हणाला, "काका, आज उतरत न्हाई. अंगात दमच न्हाई. वस्तादास्नी तेवढं तुमी सांगा." डॉक्टर गावाला गेले होते. जोड होती ती आदल्या वर्षी आमच्या तालमीची पाठ मातीला लावून गेलेल्या पैलवानाशी. वर्षभर आम्ही त्या दिवसाची वाट बघत होतो. मी वस्तादांना निरोप द्यायला उठलो नाही. कपाट उघडलं.

ऑपरेशनच्या वेळी रक्तदाब पडला तर देतात ते औषध; पैलवानाला टोचलं की थकवा कळत नाही. मी ते आदल्या दिवशीच एका ओळखीच्याकडून आणून ठेवलं होतं. लागलं तर असावं, असं मनाशी म्हणत आणलं होतं. त्यानं विचारलं, "काय हाय ह्यात?" मी म्हणालो, ताकदीचं आहे. कमरेवरचा स्नायू इतका कडक होता की सुई जाताना मला जोर लावावा लागला. उठताना तो हसून म्हणाला, "कळलं बी न्हाई."

सातव्या मिनिटाला त्यानं समोरच्याला चितपट केला. हलग्या कडकडल्या, फेटे उडाले, मी कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून नाचलो. माझं वय तेव्हा एकसष्ट.

त्यानंतर तो माझ्याकडं कधी त्यासाठी आला नाही. दुसरे मिळाले, मिळतातच. पुढच्या सगळ्या सुया कुणाच्या हातच्या होत्या मला माहीत नाही, आणि कितीतरी दिवस मी एवढ्यावरच स्वतःची समजूत घातली. दोन वर्षांनी एका सकाळी तालमीत जोर मारता मारता तो तोंडावर पडला. नेईपर्यंत संपलं होतं. हृदय बंद पडलं, मूत्रपिंडंही कामातून गेलेली होती, असं डॉक्टर म्हणाले. आईनं त्यांच्या रिवाजाप्रमाणं घरच्या शेताच्या कडेला त्याला माती दिली. वस्तादांनी आखाड्यातली ओंजळभर लाल माती सोबत नेली होती. मी गर्दीत सगळ्यात मागं उभा होतो.

तो गेल्यावर तीन वर्षांनी, पावसाळा सरल्यावर आमच्या कट्ट्यावर खडाजंगी झाली. मैदानात कपडे बदलायच्या तंबूमागं सुया सापडल्या होत्या आणि आयोजक हात झटकून मोकळे झाले होते. आमच्यातले एक निवृत्त पीटी मास्तर, बोलणं तोफेसारखं. ते म्हणाले, दवाईची कुस्ती बघायची नाही. कुणी म्हणालं, मग काय घरात बसून टीव्ही बघायचा? मास्तर म्हणाले, घरात बसलेला निषेध कुणाला दिसतो? आपल्याला येतं ते करायचं, आणि मैदानाच्याच दिवशी करायचं. येतं काय, तर विचार करून करून एकच गोष्ट निघाली. तालमीभोवती आयुष्य काढलेल्या माणसाला मालीश येतं.

मग एक कागद छापून पेठेत चिकटवला. आम्ही दवाई घेतलेल्यांची कुस्ती बघणार नाही. मैदानाच्या दिवशी आमचे हात पेठेतल्या आणि आसपासच्या म्हाताऱ्या माणसांच्या गुडघ्यांना. मैदानाच्या पहिल्या रविवारी तिळाच्या तेलाच्या बाटल्या घेऊन आम्ही अकरा जण निघालो. वाटेत टिंगल झाली नसती तर ते कोल्हापूर कसलं. "काय पावणं, आज कुणाचा गुडघा चितपट?" असं पानपट्टीवरून विचारलं गेलं. एका घरी आम्ही रगडत असताना मैदानातल्या हलग्यांचा आवाज वाऱ्यावर आला आणि आमचे हात आपोआप जोरात चालू लागले. खाटेवरचे आजोबा कळवळून म्हणाले, "अरं हळू, मी काय तुमची जोड हाय व्हय?"

त्यानं दवाई थांबली का? नाही. पण मैदानातल्या पुढच्या रांगा विरळ दिसू लागल्या, आणि दुसऱ्या दोन तालमींचे शौकीनही तेल घेऊन निघाले. मी एकही रविवार चुकवला नाही. मास्तर माझं कौतुक करायचे, आणि मला ते कौतुक मान खाली घालून ऐकावं लागायचं. लोकांना वाटायचं, काय विनयी माणूस आहे.

तिसऱ्या खेपेला मास्तर म्हणाले, बावड्यातल्या त्या माउलीचं घर तुमच्याकडं. गुडघ्यांनी पार जाग्यावर बसलीय. बायामाणसं परक्याला पायाला हात लावू देत नाहीत, तुम्ही दवाखान्यातले. मी कंबर दुखते म्हणालो. ते म्हणाले, कंबर कुणाची दुखत नाही?

गेलो. साखर कारखान्याचा हंगाम चालू होता, मळीचा वास हवेत भरलेला. चहूबाजूंनी नव्या इमारती उठलेल्या आणि मधे तिचं दोन खोल्यांचं घर, गोठ्यात एकच म्हैस उरलेली. तिनं मला लगेच ओळखलं. पोराला लहानपणी डांग्या खोकला झालता तवा तुमीच सुया मारल्यासा, म्हणाली. मग पाय पुढं करत म्हणाली, "लई नाव काढायचा तुमचं. काकांचा हात हलका हाय म्हणायचा." मी तेल हातावर घेतलं ते घेतलंच, चोळायला सुरुवात होईना.

तिचं मांस पार वाळलेलं होतं. पण गुडघ्याच्या वर अंगठा दाबला की माझ्या बोटांना तो कमरेवरचा कडक स्नायू लागायचा. मी डोळे मिटले तरी लागायचा, उघडले तरी. घरी येऊन साबणानं हात धुतले, जेवायला बसलो, घास उचलला की बोटांत तेच. बायको म्हणाली, संधिवात असेल. मी हो म्हणालो.

आणि तरीही जात राहिलो. प्रत्येक मैदानाला. न जाण्याला कारण काय सांगणार?

चौथ्या की पाचव्या खेपेला ती आपणहून बोलली. पोराच्या ट्रंकेत तिला सुया सापडल्या होत्या. तिनं समोर बसवून विचारलं होतं, हे कुणाकडं मागायला गेलतास. "तर म्हणला, अव्वा, मी कुणाकडं मागाय गेलो न्हवतो. गळ्यातल्या लिंगाला हात लावून म्हणला. मी म्हणलं, लिंगाला हात लावून खोटं बोलतोस? बारा दिस बोललो न्हाई त्येच्यासंगं. ताट वाढून ठेवायचं आन् तोंड फिरवायचं. तेराव्या दिवशी सकाळी तालमीतनं माणूस आला सांगाय."

ती रडली नाही. उलट तिच्या बोलण्यात अजून राग होता. मेला तो मेला, पण मला फसवून गेला, असा. मी दुसरा गुडघा चोळून दिला आणि उठलो.

त्यानंतरचा महिना मी कसा काढला ते माझं मला माहीत. पोरगं खरं बोललं होतं. मागायला गेलं नव्हतं. हे जगात फक्त मला ठाऊक होतं, आणि त्याची आई त्याला खोटारडा समजत जगत होती. त्यात मास्तर. प्रत्येक घरी मालीश सुरू करण्याआधी ते दोन शब्द बोलायचे, आणि त्यात नाव न घेता त्याचा दाखला असायचा, एका पोराला हाव सुटली आणि आईला उघडं टाकून गेलं, असा. लोक चुकचुकायचे. मी बाटलीचं बूच काढत राहायचो. आपण सांगितलं तर त्या पोराचं नाव धुऊन निघेल, असं मी स्वतःला रोज बजावायचो. सांगितल्यावर मला झोप येईल, हेही मला माहीत होतं. ते मात्र स्वतःला बजावत नव्हतो.

पुढच्या मैदानाच्या दिवशी दुपारी मी एकटाच तिच्या घरी होतो. एक गुडघा झाला होता. मी हात थांबवले आणि म्हणालो, "ताई, त्याला पहिली सुई मी दिली. त्यानं मागितली नव्हती. आज उतरत नाही म्हणत होता. मीच दिली."

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. गोठ्याकडं बघत विचारलं, "त्येला ठावं हुतं, त्यात काय हाय ते?"

"नाही. ताकदीचं आहे म्हणून सांगितलं."

"का दिलीसा?"

याचं उत्तर मी चार वर्षं घोळवत होतो. ताप होता, डॉक्टर नव्हते, वस्ताद रागावले असते. त्यातलं एकही तोंडातून बाहेर आलं नाही. म्हणालो, "मला त्याची कुस्ती बघायची होती."

ती काय काय करील याची मी मनात कितीदा तयारी केली होती. शिव्या देईल, चप्पल मारील, चार घरं गोळा करील. यातलं काहीही झालं असतं तरी मी खाली मान घालून सोसलं असतं, त्याला मी तयारच होतो. खरं सांगायचं तर तिथं बसल्या बसल्या मला हलकं वाटू लागलं होतं. चार वर्षांत पहिल्यांदा श्वास पोटापर्यंत गेला. ते माझ्या तोंडावर दिसलं असणार, कारण ती आता माझ्याकडंच बघत होती.

तिनं लुगडं गुडघ्यावरून खाली ओढून घेतलं.

"तुमी माज्याकडं येऊन सांगितलंसा," ती म्हणाली. "मोकळं झालासा. आता मी कुणाकडं जाऊ सांगाय, माजं चुकलं म्हणून?"