पाठ न बघता घेतलेलं घड्याळ

"आधी पाठ बघू," असं म्हणून ते हात पुढे करायचे. कुणी नवं घड्याळ दाखवलं की आपण "वा, छान" म्हणतो आणि मोकळे होतो. हे म्हणायचे नाहीत. घड्याळ उतरवून घ्यायचे, पालथं करायचे, मग कानाला लावून डोळे मिटायचे. आतून कुणी जबानी देत असावं, असा चेहरा.

धुळ्याच्या आमच्या सरकारी कचेरीत ते माझ्या शेजारच्या टेबलावर होते. सगळे त्यांना नाना म्हणत. हे काही नाव नव्हे. आमच्याकडे बसस्टँडवर "नाना" अशी हाक मारली तर निम्मी रांग मागे वळते. तेव्हा त्यांचं खरं नाव सांगितलं नाही तरी तुमचं अडू नये.

सेलवरची घड्याळं नुकतीच स्वस्त झाली होती. रोज चावी देण्याची कटकट गेली म्हणून लोकांनी जुनी घड्याळं फडताळात टाकली, आणि तिथून ती आठवड्याच्या बाजारात जुन्या कुलपांच्या आणि चष्म्यांच्या शेजारी येऊन पडली. नानांना त्यांचा नाद लागला. पहिलंच घड्याळ त्यांनी घेतलं ते विकणाऱ्याचा चेहरा बघून. "स्विस आहे," तो म्हणाला, आणि रडवेला झाला, म्हणून नानांना खरं वाटलं. कचेरीत आणून उघडलं तर आत आपल्याकडचंच यंत्र, आणि ते हलू नये म्हणून बाजूला बिडीबंडलाच्या कागदाची घडी. आम्ही जेवणाच्या सुट्टीत पोटभर हसलो. नानाही हसले, पण कागदाची ती घडी त्यांनी नीट ठेवून दिली.

तेव्हापासून त्यांचं शिक्षण सुरू झालं, आणि शेजारी बसत असल्यामुळे माझंही. "तोंड कुणीही रंगवून देतं, भाऊ," ते मला सांगायचे, "पाठीवर मेहनत घ्यायला कुणाला वेळ नसतो." जुनं घड्याळ फार नवं दिसलं की घाबरायचं. मिनिटकाटा कडेच्या रेघांपर्यंत पोचतो का, बघायचं. आखूड पडला तर तो दुसऱ्या घड्याळाचा. तबकडीवरची अक्षरं भिंगातून बघायची. दुकानाच्या पाटीसारखी जाड दिसली तर समजायचं, कुणीतरी मागाहून काढलीत. मी हे नियम कचेरीतल्या सभासमारंभांना येणाऱ्या पाहुण्यांना लावून बघितले. रेघेपर्यंत न पोचणारे पुष्कळ निघाले.

एकदा नवे साहेब रुजू झाले. त्यांचं सोनेरी घड्याळ त्यांच्या आधी खोलीत शिरायचं. बोलताना ते मनगट टेबलावर मांडून ठेवत, उरलेले साहेब त्याच्या मागे. कुणीतरी त्यांना नानांचा नाद सांगितला. साहेबांनी कौतुकाने घड्याळ उतरवून दिलं.

"काटे याचे नाहीत, साहेब," नाना म्हणाले. "तबकडीही रंगवलेली आहे."

"मामांनी दुबईहून आणलंय."

"मामांना फसवलं कुणीतरी."

त्यानंतर नानांचे रजेचे अर्ज साहेबांच्या टेबलावरून हलायचे बंद झाले. मी म्हटलं, "छान आहे म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?" ते म्हणाले, "घड्याळाच्या बाबतीत मला तसं बोलता येत नाही हो. बाकी कशातही सांगा, बोलतो."

त्यांच्या स्वतःच्या मनगटावर लग्नात सासऱ्यांनी घातलेलं घड्याळ होतं. आमच्याकडे नवरदेवाला घड्याळ आणि अंगठी घालायची रीत. सासरे साक्रीकडचे, कोरडवाहू शेतकरी. त्यांना सगळे आबा म्हणत. नाद लागल्यावर नानांनी तेही उघडलं. वहिनी चिडल्या, "माझ्या बापाच्या घड्याळावर संशय?" ते अस्सल स्विस निघालं. नाना खास बस पकडून आबांना हे सांगायला गेले. आबांनी ते साऱ्या गावाला सांगितलं, आणि धाकटीच्या लग्नातही अगदी तस्संच घड्याळ द्यायचं ठरवून टाकलं. "दोन्ही जवाई माले सारखाच शेतस," ते म्हणत.

पण तसं घड्याळ आता निघत नव्हतं. आबांनी ते कुठून तरी शोधून आणलं.

त्या लग्नाला नाना मला बरोबर घेऊन गेले होते. मांडवात व्याही बसलेले, नवरदेव पाटावर. आबांनी धोतराच्या सोग्याने घड्याळ पुसलं आणि सगळ्यांसमोर नानांच्या हातात दिलं. "देखा बरं, जवाई. तुमले कळस. तुमनासारखंच अस्सल शे ना?"

मी नानांच्या शेजारी होतो. घड्याळ नव्या भांड्यासारखं चमकत होतं. मिनिटकाटा रेघांपासून चांगलाच अलीकडे थांबला होता. एवढं मलाही दिसलं.

आबा हसत उभे होते. व्याह्यांनी मान पुढे केली. नानांनी घड्याळ पालथं केलं नाही, कानाला लावलं नाही. ते म्हणाले, "आबा, हे मला फार आवडलं. हे मी घेतो. माझं धाकट्या जावयांना द्या."

आबांना आधी ही थट्टा वाटली. "तुमनं तर शे ना, जवाई."

"मला हेच पाहिजे."

"जवाई रुसना वं, माय," मागून एक म्हातारी म्हणाली, आणि बायका पदराआड हसल्या. लग्नात थोरला जावई रुसतो, हे आमच्याकडे कुणाला नवं नाही. पण घड्याळाच्या नादाने शहाणासुरता माणूस भर मांडवात मेव्हणीच्या नवऱ्याचं घड्याळ मागतो, हे नवीन होतं. वहिनींची मान खाली गेली ती वर आलीच नाही. नाना जाऊन कडुनिंबाखाली बसले. वरण-बट्टी आणि वांग्याच्या भाजीवर त्यांचा जीव, तरी पंगतीला उठले नाहीत. शेवटी आबांनीच येऊन त्यांच्या मनगटावर ते चकचकीत घड्याळ बांधलं. नानांचं जुनं नवरदेवाला गेलं.

परतीच्या बसमध्ये वहिनी पुढे बायकांच्या सीटवर बसल्या. एकदाही त्यांनी मागे बघितलं नाही. मी नानांना म्हटलं, "शोभलं का हे?"

त्यांनी घड्याळ काढून चाकूच्या टोकाने त्याची पाठ उघडली. आत आपल्याकडचंच यंत्र, आणि बाजूला कागदाची घडी. जुनी ओळख निघाल्यासारखे ते तिच्याकडे बघत राहिले.

"मग आबांना एकीकडे घेऊन सांगायचं."

"घातलं असतं त्यांनी ते मग? रिकाम्या हाताने उभे राहिले असते व्याह्यांसमोर."

"निदान वहिनींना सांगा."

"बापापासून तिला काही लपवता येत नाही," ते म्हणाले, आणि पाठ परत दाबून बसवली.

पुढे सासरच्या प्रत्येक कार्यात त्यांना टोमणा ठरलेला. "घड्याळं लपवा रे, मोठे जावई आले." नाना हसायचे. ते घड्याळ रोज मागे पडे आणि नाना रोज सकाळी ते रेडिओच्या बातम्यांवर लावीत. कचेरीत कुणी नवशिका "नाना, तुमच्या घड्याळाची पाठ दाखवा" म्हणाला तर बाही खाली ओढत.

त्यांची बदली जळगावला झाली. तिथे मेहरूण भागात घर केलं, आणि थोड्याच वर्षांत लहानशा आजाराने गेले. मी भेटायला गेलो तेव्हा आबा आलेले होते, फार वाकले होते. त्यांनी रुमालाची गाठ सोडली आणि ते घड्याळ माझ्यापुढे धरलं.

"तुमी त्यासना जोडीदार," ते म्हणाले. "पाठ देखल्याबिगर ते घड्याय हातमा लेत नव्हतात. त्या दिवशी मांडवमा देखी नही."

मी घड्याळ हातात घेतलं. वहिनी दारात उभ्या होत्या. नानांच्या नावावरचा डाग माझ्या एका वाक्याने पुसला गेला असता, आणि त्याच वाक्याने धाकटीच्या लग्नात आबा भर मांडवात खोटं घड्याळ देत होते, हे उघडं पडलं असतं. नख पाठीच्या खाचेपर्यंत गेलं होतं.

आबांनी माझ्या हातावर हात ठेवला. "ऱ्हावू द्या. नका उघडू."

त्यांनी घड्याळाला चावी दिली आणि ते आपल्या मनगटावर बांधलं. हात बारीक झालेला, पट्टा सैल बसला.

वहिनी दारातूनच म्हणाल्या, "मागे चालतं ते, आबा. दहा मिनिटं मिळवून वेळ सांगत जा."

संध्याकाळी मी आबांना बसस्टँडवर सोडायला गेलो. साक्रीच्या बसची वाट बघत एक शेतकरी उभा होता. त्याने आबांचं मनगट बघून वेळ विचारली. आबांनी घड्याळ डोळ्यांजवळ नेलं, मनाशी काही मिळवलं, आणि बरोबर वेळ सांगितली.