फ्रँकफर्ट ते लिस्बन, पंचवीस मिनिटं

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की चहा टाकायच्या निमित्ताने उठून जाणारा माणूस मी. त्यामुळे हे लिहिताना अवघडल्यासारखं होतंय... पण दोन वर्षं झाली, डोक्यातून जात नाही.

आम्ही न्यू जर्सीत, पार्सिपनीला राहतो. आई गेल्यावर बाबांना नागपुरात एकटं ठेवणं शक्य नव्हतं. विसरायला होत होतं त्यांना, कधी कधी घरचा रस्तासुद्धा. मला रजा मिळेना. शेवटी त्याच विमानाने येणाऱ्या कुलकर्णी काकूंच्या भरवशावर त्यांना बोलावलं. मुंबई–फ्रँकफर्ट–नेवार्क.

सकाळी आठ चाळीसला काकूंचा फ्रँकफर्टहून फोन आला. बाबांशीही बोललो. "फार गार आहे रे इथे," म्हणाले. दहा मिनिटांत पुन्हा काकू, रडवेल्या.

"अरे, बाथरूमला म्हणून उठले ते दिसतच नाहीत! आत माणूस पाठवून बघितलं. इन्सुलिन माझ्या बॅगेत आहे रे... आणि इकडे बोर्डिंग सुरू झालंय."

"काकू, पाया पडतो, त्यांना सोडून विमानात बसू नका!"

मी किचनमध्ये फरशीवरच बसलो होतो. बायको, स्नेहा, दुसऱ्या फोनवरून एअरपोर्टला कॉल करत होती. नुसतं होल्ड. ज्या माणसाला स्वतःची गल्ली सापडत नाही, त्याला मी अर्ध्या जगापलीकडून दुसऱ्यांवर सोपवून बोलावलं होतं... मी! रजेसाठी भांडलोसुद्धा नाही.

नऊ पाचला अनोळखी नंबर. एक मुलगी इंग्रजीत म्हणाली, "तुमचे वडील माझ्याजवळ आहेत. गळ्यातल्या कार्डावर हा नंबर होता."

"कुठल्या गेटपाशी?" मी ओरडलोच.

ती म्हणाली, "गेट नाही, बाहेर बाकावर. लिस्बन एअरपोर्ट."

मी तिला व्हिडिओ लावायला सांगितलं. बाबाच. तोच राखाडी स्वेटर. मागे पाटीवर लिस्बन.

"बाबा, तिथे कसे गेलात?"

"कसे म्हणजे? चालत. ऊन दिसलं, तिकडे आलो."

तिथल्या डॉक्टरांनी त्यांना सांभाळलं. दुसऱ्या दिवशी मी पोचलो आणि लिस्बनच्या एअरपोर्टवर त्यांना मिठी मारून लहान मुलासारखा रडलो. त्यांच्या खिशात नेवार्कचा बोर्डिंग पास जसाच्या तसा होता.

मित्र म्हणतात, चुकून दुसऱ्या विमानात चढले असतील. पण यार, अठराशे किलोमीटरच्या वर अंतर आहे, विमानाला तीन तास लागतात. टाइम झोनचा घोळ म्हणावा, तर दोन्ही कॉल माझ्याच फोनवर आहेत, इथल्याच वेळेत. काकू तर अजून शपथेवर सांगतात, "माझ्या शेजारी बसले होते रे."

उत्तर माझ्याकडे नाही. शोधणंही सोडलंय. पण बाबा हल्ली पत्रं आणायला घरासमोरच्या मेलबॉक्सपर्यंत निघाले, तरी मी चप्पल न घालता त्यांच्या मागे धावतो. स्नेहा म्हणते, "अरे, वीस पावलं तर आहेत!"

तिला काय सांगू...