पुराची खूण

बांधकाम खात्यात इंजिनिअर म्हणून नोकरीला लागून मला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा सावली तालुक्यातल्या एका नाल्यावर नवा पूल बांधण्यासाठी पाहणी करायला मला पाठवलं. जुना रपटा, म्हणजे बुटका फरशीपूल, दर पावसाळ्यात बुडायचा आणि गाव चार-चार दिवस तुटायचं. आजवरचा सगळ्यात मोठा पूर कुठवर चढला होता, ती खूण मला शोधायची होती. पुलाचं पुढचं सगळं गणित तिच्यावरच उभं राहतं.

खूण दाखवायला अर्धं गाव सोबत निघालं. सरपंचबाईंनी समाजमंदिराच्या खिडकीची वरची चौकट दाखवली. किराणा दुकानदाराने हात त्याहून वर नेला. एका म्हाताऱ्याने तर चिंचेची उंच फांदी दाखवली. मी उंची मोजायची दुर्बीण लावून पाहिलं, तर त्या हिशेबाने टेकाडावरचं शेजारचं गावही बुडायला हवं होतं. मी शेजारच्याच मूल तालुक्यातली, गावाच्या मनात काय आहे ते ओळखायला वेळ लागला नाही. पूर जितका उंच सांगू, तितका पूल उंच मिळेल, असं सगळ्यांना वाटत होतं.

नाल्याजवळच्या शेवटच्या घरात एक वयस्क शिंपी ब्लाउज शिवत बसले होते. सारं गाव त्यांना चाचा म्हणायचं. मी पाणी मागितलं आणि पिता पिता नजर त्यांच्या मशीनवर गेली. लोखंडी स्टँड पायडलच्या वर वीतभर गंजला होता. त्याच्या वर हिरवा रंग शाबूत होता.

"चाचा, हे त्या सगळ्यात मोठ्या पुरानं झालं काय?"

"हो. तवा मशीन उचलाले कोणी नव्हतं. तीन दिवस पाण्यात होती," ते म्हणाले आणि गंजाच्या रेघेवर बोट ठेवलं. "पाणी इथवर. याच्यावर नाई."

मशीन तेव्हापासून जागची हलली नव्हती. कपाट सरकवलं, तर मागच्या भिंतीवरही त्याच उंचीला गाळाची रेघ निघाली. दारातली माणसं रेघ पाहायला आत वाकली. दुकानदार हळूच म्हणाला, "चाचा, थोडं वर सांगता नाई आलं काय?"

सरपंचबाईंचा चेहरा उतरला. आता गावाला बुटका पूल मिळणार, असं त्या धरूनच चालल्या. मी त्यांना शेताच्या धुऱ्यावर नेलं. पूल उंच केला की दोन्हीकडचा रस्ताही भराव टाकून उंच करावा लागतो. पुराचं पाणी तर या धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे खाचरांमधूनच, पसरत जातं. भराव त्याला धरणासारखा अडवेल, आणि अरुंद फटीतून जोरात घुसणारं पाणी पुलाचा पाया खरवडून नेईल.

"बाई, पुराले जागा लागते," मी म्हटलं. "उंची नका मागू, रुंदी मागा."

 पुढच्या ग्रामसभेत त्यांनी पाणी जायला पुलाला खांबांमधले दोन गाळे जास्त हवेत असा ठराव मांडला, तोही असा ठासून, की कल्पना त्यांचीच वाटावी.  माझे साहेब आधी कुरकुरले, मग स्वतः बांध्यांतून चालून आले आणि सही केली. पाया खडक लागेपर्यंत खाली नेला.

पूल झाल्यावर मोठा पूर आला तो तिसऱ्या पावसाळ्यात. सकाळीच सरपंचबाईंचा फोन.

"मॅडम, पाणी खालून गेलं. बांध्याही लवकर मोकळ्या झाल्या. पण आता सारं गाव पुलावर गरी टाकून मासे धरत बसून राह्यलं. बसले तं निंगत नाई. त्याइले उठवायचं काम तुमच्याच खात्याचं काय?"

ते आमचं नव्हे, असं मी सांगितलं. पाणी ओसरल्यावर पाया पाहायला मात्र गेले. पाया जागेवर होता. तपासणी अर्ध्या तासात आटोपली. जेवायला सरपंचबाईंनी नाल्यातला वाघूर मासा केला होता, त्यामुळे निघायला संध्याकाळ झाली.