सरकलेली लाट

तिसऱ्या दिवशीही सुरी दोन पुड्यांच्या मधला कागद कापायचं सोडून बिस्किटांवरच पडली.

"बसप्पाचं वय झालंय," कारखान्याचे मालक अण्णा मला म्हणाले. "उद्या जमलं नाही तर त्याला घरीच पाठवतो बघा." फिटर बसप्पा चार हातांच्या अंतरावर उभा होता. त्याला सगळं ऐकू गेलं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. गोकुळ रोडवरच्या या बिस्किट कारखान्याचं पॅकिंग मशीन मी डिझाइन केलेलं. खंडेनवमीला ते खोलून धुतलं, सुट्या भागांची पूजा झाली. दसऱ्यानंतर जोडलं, तेव्हापासून हा वैताग.

सुरी वरखाली होते ती कॅममुळे. कॅम म्हणजे वाकडी चकती. ती फिरताना सुरीची उंची कागदावर मांडत गेलं की साइन कर्व्ह मिळतो, सारख्या लाटांची ओळ. पहिल्या दिवशी मोठा कॅम लावून मी लाट उंच केली. बिस्किटांचा आणखी चुरा झाला. दुसऱ्या दिवशी जुना कॅम लावून सुरीचा दांडा आखूड केला, म्हणजे अख्खी लाट वर सरकवली. सुरी अधांतरीच राहिली. तिसऱ्या दिवशी सगळं पूर्ववत केलं आणि पुन्हा चुरा.

चौथ्या दिवशी माझ्यात नवीन काही करायचं त्राणच नव्हतं. बसप्पाला मशीन हाताने थोडं थोडं फिरवायला सांगितलं आणि दर वेळी सुरीची उंची नोंदली. बारा ठिपके जोडले, त्यावर जुन्या ड्रॉइंगचा ट्रेसिंग पेपर ठेवला. लाटेची उंची तीच, लांबी तीच. पेपर जरा बाजूला सरकवला आणि लाटेवर लाट चपखल बसली. सुरी खाली येत होती पुरेशी, पण उशिरा.

"बसप्पा, कॅमचा गिअर चुकीच्या दातावर बसलाय."

"इल्ला, नाही साहेब. खुणेचा दात बघूनच बसवलोय मी."

झाकण काढलं. माझी पांढऱ्या रंगाची खूण रॉकेलने धुऊन गेली होती. तिथून चार दात पलीकडे लाल ठिपका होता. कुंकू.

"कोण लावलंय हे?" अण्णा ओरडले.

बसप्पाने मान वर केली नाही. "पूजेला पहिलं बोट तुमचंच असतंय की, अण्णा."

गिअर चार दात फिरवायला दहा मिनिटं लागली. पहिला धड पुडा आला तेव्हा अण्णांनी तो स्वतः फोडला आणि दोन बिस्किटं बसप्पाच्या हातावर ठेवली. माफी मागितली नाही. घरी पाठवायचा विषय मात्र पुन्हा निघाला नाही.

मी तरी काय बोलणार? बारा मापं पहिल्याच दिवशी घ्यायला हवी होती. लाट कुठे हलली ते न बघता मी तिची उंची वाढवत बसलो, आणि तीन दिवस शिव्या खाल्ल्या बसप्पाने. निघण्याआधी गिअरवरची खूण पंचने ठोकून लोखंडातच उमटवून घेतली. पुढच्या खंडेनवमीला अण्णांनी कुंकू झाकणाला लावलं, तेही बसप्पाला विचारून.