सगळ्यांच्या आया पहिल्याच पानावर का मरतात?

पुस्तकाबद्दल माझं मत कुणी विचारायची गरज लागत नाही. ते शिंकेसारखं आपोआप येतं. कंपनीत मी धाग्याचे बॉबिन तपासते. तेलाचा डाग आहे का, धागा कुठे तुटलाय का, रंग बाकीच्यांशी जुळतो का, हे दिव्याखाली धरून बघायचं आणि ए ग्रेड, बी ग्रेड नाहीतर वेस्ट म्हणून बाजूला करायचं. वर्षानुवर्षं हेच केल्यावर बाई घरी येऊन कादंबरीचंही तेच करणार ना! माझी मुलगी म्हणते, "मम्मी, तू पुस्तक वाचत नाहीस, चेकिंग करतेस." करते. मग?

सिल्वासाच्या आमली भागात दोन खोल्यांत आम्ही दोघीच राहतो. नवऱ्याने मला लग्न करून धुळ्याकडून इकडे आणलं, आणि काही वर्षांपूर्वी तो कामावरच छातीत दुखायला लागून गेला. मुलगी गुजराती शाळेत शिकली, पण मराठी वाचायला तिला मी शिकवलं, तेही गोष्टींच्या पुस्तकांवरून. त्यामुळे वाचायचं वेड दोघींना सारखंच. मला प्रेमाच्या कादंबऱ्या लागतात, तिला जादूच्या. फोनवर रोज एकेक भाग येतो तो वाचायचा, आणि संध्याकाळी मी भांडी घासायची, तिने विसळायची, आणि दोघींनी मिळून लेखकाची सालं काढायची. आमच्या घरात टीव्हीपेक्षा जास्त आवाज या कामाचा असायचा.

या उन्हाळ्यात तो आवाज बंद झाला. झालं असं, की मुलीला हैदराबादच्या एका औषध कंपनीच्या लॅबमधून नोकरीचं बोलावणं आलं. तिच्या इथल्या नोकरीच्या पगाराच्या दुप्पट, आणि शिकायला मिळेल ते वेगळंच. तिने फोन माझ्यासमोर धरला आणि विचारलं, "मम्मी, तुला काय वाटतं?" मी म्हटलं, "तुझं तू बघ." मला वाटलं, काय शहाण्या आईसारखं बोलले मी! पोरीच्या वाटेत उभी राहिले नाही. त्याच आठवड्यात कामावर मला चक्कर आली. बाकावर आडवं केलं, साखर-मिठाचं पाणी पाजलं, डॉक्टरने रक्तदाबाची गोळी सुरू केली, संपलं. मी तिला म्हटलंसुद्धा, मला काही झालेलं नाही, तू जेव.

तेव्हापासून ती मुकी झाली. रागावली नव्हती. कामावर जायची, यायची, जेवायची, भांडी विसळायची आणि फोनमध्ये डोकं घालून तिच्या त्या राजे-राक्षसांत जायची. हैदराबादला हो म्हणाली की नाही म्हणाली, काही कळेना. आणि विचारायची माझी हिंमत होईना. कंपनीत सुपरवायझरच्या तोंडावर बोलणारी मी, पोटच्या पोरीला एक प्रश्न विचारू शकत नव्हते. शेवटी मनाशी म्हटलं, ही जिथे जाऊन बसलीये तिथे आपणही जाऊन बघावं. म्हणून मी जादूच्या कादंबऱ्या वाचायला घेतल्या, आणि ती गप्प असली तरी भांडी घासताना त्यांच्यावर एकटीच बोलायला लागले.

माझ्या प्रेमकथांवर माझं आंधळं प्रेम आहे असं कुणी समजू नये. हल्लीच्या दहांपैकी आठ वेस्टमध्ये टाकाव्यात अशा असतात. नायक काय, तर कंपनीचा मालक. वय अठ्ठावीस. बिनदुधाची कॉफी पितो आणि कधी जेवत नाही. नायिका गरीब, पहिल्याच दिवशी त्याच्या अंगावर काहीतरी सांडते, आणि तो तिच्याशी वर्षभराचं करारावरचं लग्न करतो. अहो, आमचे शेठ वर्षातून एखाद्या वेळी आमच्या फ्लोअरवर येतात ते नाकाला रुमाल लावून, कारण धाग्याच्या तेलाचा वास त्यांना सहन होत नाही. ते कुणाच्या डोळ्यांत हरवत नाहीत, त्यांना परत एसीत जायची घाई असते. आणि तो नायक रागावला की तिचं मनगट धरून तिला भिंतीकडे ओढतो, आणि खाली बायका लिहितात, हाय, किती प्रेम करतो! डोंबलाचं प्रेम. आमच्या लाइनमधल्या एका हेल्परने एकीचं मनगट धरलं होतं, त्याला तिने चपलेनं समजावलं आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. यावर मी भांडी घासता घासता अर्धा तास बोलले होते.

त्यातली ती तसली पानं मी वाचते. खोटं कशाला बोलू? पण तीही आता एकाच साच्यातली येतात. त्यापेक्षा मला एक साधी कादंबरी भारी आवडली होती. पन्नाशी उलटलेली दोन माणसं. तिचं पाठीचं ऑपरेशन झालंय, तिला वाकता येत नाही, आणि तो खाली बसून तिच्या पायाची नखं कापतो. बस्स, एवढंच. कंपनीच्या बसमध्ये वाचत होते, रडू आवरेना. शेजारच्या बाईला वाटलं घरी कुणी गेलं. ती ए ग्रेड.

आता जादूच्या कादंबऱ्या. व माय! पहिल्या पानावर नकाशा. मला इथून जवळच्या सुरंगी गावाला जायचं तर मी चार जणांना विचारत जाते, मला कुठला नकाशा समजतोय? मग नावं. प्रत्येक नाव असं, की उच्चारताना तोंडात खडा आल्यासारखं वाटावं. मग भविष्यवाणी. शेतकऱ्याची पोर, शेण काढणारी, शूर वगैरे, मी म्हटलं चला, आपल्यातली आहे. तर अर्ध्यात कळतं की ती खरी हरवलेली राजकन्या. मला असा संताप आला! गरीब पोरगी गरीब राहून शूर झाली तर लेखकाच्या बापाचं काय जातं? दहा हजारांचं सैन्य महिनाभर चालतं आणि भाकरी कोण थापतं याचा पत्ता नाही. जंगलातून जातात तर एक डास चावत नाही. दुधनीच्या तलावाकडे संध्याकाळी नुसतं पाण्याजवळ उभं राहून दाखवा म्हणावं. आणि एक गोष्ट तीन-तीन भागांत ताणतात, त्यातल्या मधल्या भागात सगळे फक्त चालत असतात.

पण हळूहळू मला त्या आवडायला लागल्या, हेही सांगितलं पाहिजे. एकीत नायिकेला प्रत्येक मंत्रामागे स्वतःची एक आठवण द्यावी लागते. गाव वाचवायला ती आईच्या हातच्या कालवणाची चव देऊन टाकते. नंतर ती कुठेतरी जेवायला बसते आणि ताटाकडे नुसती बघत राहते, आपल्याला कशाची आठवण येत नाहीये हेही तिला आठवत नाही. ते वाचून मी फोन उपडा ठेवला. त्या लेखिकेचं वय काय असेल, मला माहीत नाही, पण तिला कळतं.

मात्र एक गोष्ट डोक्यातून जाईना. मुलीच्या फोनवरच्या यादीतली मी वाचली ती प्रत्येक कादंबरी. प्रत्येकीत नायिकेची आई मेलेली. कोणाची बाळंतपणात, कोणाची राजाच्या सैनिकांच्या हातून, आणि एकीची तर साध्या तापाने. जिथे दगडाचा पक्षी करतात तिथे बाईला तापावर एक गोळी मिळत नाही! माझी पोर दिवसरात्र या आया मेलेल्या पोरींच्यात बसलेली असते, या विचाराने मला कसंतरीच व्हायला लागलं.

त्या रविवारी सकाळी आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. मी जणू सहज विचारलं, "काय गं, तुझ्या त्या पुस्तकांत सगळ्यांच्या आया पहिल्याच पानावर का मरतात? लेखकांना आयांचा एवढा काय त्रास होतो?"

तिने मान वर केली नाही. म्हणाली, "आई जिवंत असली तर पोरगी घराबाहेर कशी पडेल?"

"म्हणजे? आई काय दार अडवून उभी राहते?"

"नाही. आई काहीच करत नाही. नुसती असते. कामावर चक्कर येऊन पडते, आणि घरी येऊन म्हणते, मला काही झालेलं नाही, तू जेव."

माझ्या हातातली काडी तशीच राहिली. आणि माझा स्वभाव असा, की लागलं की आधी राग येतो. म्हटलं, "म्हणजे मी मरायला हवं होतं, असंच ना?"

"झालं! लगेच ड्रामा."

"मी कधी नाही म्हटलं का तुला? एका शब्दाने अडवलं का?"

"तेच तर!" ती ओरडली. कितीतरी दिवसांनी तिचा असा चढलेला आवाज मी ऐकला. "त्या मनगट धरणाऱ्या शेठवर तू अर्धा तास बोललीस, मम्मी. नकाशावर बोलतेस, डासांवर बोलतेस. मी माझ्या नोकरीचं विचारलं तर तीन शब्द. तुझं तू बघ. जगातल्या सगळ्या गोष्टींवर तुझं मत असतं, फक्त माझ्यावर नाही."

मी म्हटलं, "ऐकायचंय तुला?"

"ऐकायचंय."

"मग ऐक. नको जाऊस. मला भीती वाटते. कामावरून येऊन मीच कुलूप काढायचं आणि आत कुणी नसणार. आणि तू गेली नाहीस तर रोज तुझं तोंड बघून माझं काळीज जळेल, की या पोरीला मी इथे कुजवली. दोन्ही खरं आहे. यातलं जास्त खरं कोणतं ते मला कळत नाही, म्हणून मी गप्प बसले."

ती रडायला लागली. मोठ्याने रडत नाही ती, नुसती नाक पुसत राहते, बापावर गेलीये. म्हणाली, "त्याच दिवशी 'नको जाऊस' म्हणाली असतीस ना, तर मी भांडले असते. तुझ्याशी जोरात भांडून गेले असते. सगळ्या पोरी अशाच जातात. तू मला भांडायला कुणी ठेवलंच नाहीस."

"मग आता भांड!"

"आता काय भांडू? मी गुरुवारी त्यांना नाही म्हणून कळवलं."

"अगं कार्टे!" मी अशी ओरडले की मेथीची जुडी हातातून उडाली. पुढे मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. तीही सोडणारी नाही. तुझं ब्लडप्रेशर, तुझी गोळी तू विसरतेस, बाबांच्या वेळी मी इथेच होते तरी पोचले नाही, मग हैदराबादहून काय पोचणार? हे शेवटचं ती बोलली आणि दोघी एकदम थांबलो. शेजारच्या गुजराती बेन दारात येऊन उभ्या राहिल्या, "शुं थयुं, बेन?" मी म्हटलं, काही नाही, पुस्तकावरून चाललंय. त्यांना आमची सवय आहे, त्या गेल्या.

मग मी तिच्याजवळ सरकून बसले. बाबांच्या वेळी कुणीच पोचलं नव्हतं, मीसुद्धा नाही, हे तिला मी तोवर कधी सांगितलं नव्हतं. कंपनीतून फोन आला तेव्हाच सगळं झालेलं होतं. आपण घरात बसून राहिल्याने माणूस वाचत असता तर तो वाचला असता, मी म्हटलं. तिने सांडलेली मेथी गोळा केली. मग म्हणाली, उद्या फोन करून बघते.

सोमवारी तिने माझ्यासमोर फोन लावला. तिकडची बाई चांगली बोलली. म्हणाली, तुमच्या जागी दुसऱ्या मुलीला विचारलंय, तिचं उत्तर यायचंय, ती नाही म्हणाली तर तुम्हाला कळवू. मुलीने "थँक्यू मॅडम" म्हणून फोन ठेवला आणि कामावर गेली.

आता रोज वाट बघणं चालू आहे. भांडी घासताना आम्ही परत बोलतो, पुस्तकांवर बोलतो, पण मन लागत नाही. माझ्या कादंबऱ्यांतल्या पोरींना निवडायचं असतं ते दोन पुरुषांपैकी, एक श्रीमंत आणि एक त्याहून श्रीमंत. मला परवा वाचता वाचता इतका कंटाळा आला की भाग अर्धाच सोडला. मी तिची बॅग माळ्यावरून काढून पुसून ठेवलीये. देवाला रोज हात जोडते, आणि तोंडाने म्हणते की त्या दुसऱ्या मुलीला दुसरी चांगली नोकरी मिळू दे. तोंडाने म्हणते.

काल संध्याकाळी तिचा फोन वाजला. मुलीचे हात साबणाचे होते, म्हणून तिने मलाच उचलायला सांगितलं. मी "हॅलो" म्हटलं. बँकेवाला होता, कर्ज हवंय का विचारत होता. मी नको म्हणून फोन ठेवला आणि वळले. ती माझ्याकडेच बघत होती. मला हायसं वाटलं होतं, आणि ते तिला दिसलं.