सायकलवरचा विठोबा

लग्न होऊन मी चाकणजवळच्या खेड्यात आले, तेव्हा सासूबाई कांदे निवडता निवडता ओव्या गायच्या. त्यांच्या ओवीतला विठोबा सायकलवरून यायचा. त्याच्या हातांना मशीनचं तेल असायचं, आणि तो येईपर्यंत रखुमाईच्या घशाखाली घास उतरायचा नाही. मला चीडच यायची. देवाला कसली आलीय सायकल? एकदा तसं तोंडावर म्हणालेही. त्या नुसत्या हसल्या.

त्या संध्याकाळी सासरे पिंपरीच्या कंपनीतून आले, सायकल भिंतीला टेकवून काळे हात धुवायला बसले. सासूबाईंनी मुकाट्यानं साबण पुढे केला, आणि मला उमगलं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, चारचौघांत त्याच्याकडे बघायचंही नाही, अशा घरात ही बाई रोज मोठ्यांदा आपल्या माणसावर प्रेम करत होती. गाव तिला भाविक म्हणत होतं.

माझा नवराही त्याच कंपनीत. आठवडेच्या आठवडे आमचं धड बोलणं व्हायचं नाही, आणि मी घुश्शातच असायची. सासूबाईंनी मला त्या घुश्शातून बाहेर काढलं, ते उपकार अजून मनात आहेत. एका दुपारी कांद्याच्या ढिगापाशी त्या म्हणाल्या, "म्हन की तूबी एक ओवी. तुझा इठोबा कुठल्या शिफ्टला हाय?"